कुलपांतला तन्मणी

गुढीपाडवा आठ-दहा दिवसांवर आला कीं आमच्या घरांत एक लहानशी सभा भरते. सभेला अध्यक्ष नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते आणि कोणताहि ठराव एकमतानें पसार होत नाहीं. विषय मात्र मी या घरांत आल्यापासून एकच आहे— यंदा पाडव्याला सोनें काय घ्यावयाचें? साडेतीन मुहूर्तांपैकीं हा एक पुरा मुहूर्त; तेव्हां गुंजभर कां होईना, सोनें घरांत आलेंच पाहिजे, असा सासूबाईंचा दंडक आहे. गुंज हा शब्द त्या कांहीं अलंकारिक अर्थानें वापरीत नाहींत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हें कोष्टक अजून त्यांच्या जिभेवर आहे. आम्ही दोघी जावा ग्रॅममध्यें बोलतों. आणि जिचें लग्न येत्या वैशाखांत व्हावयाचें आहे ती माझी पुतणी वजनाच्या भाषेंत मुळीं बोलतच नाहीं. ती मोबाइलवरच्या चित्रांच्या भाषेंत बोलते.

यंदाच्या सभेंतलें पहिलें भाषण अर्थात् तिचेंच झालें. मोबाइल हातोहात फिरला आणि येत्या वर्षीं अंगावर काय शोभावयाचें आहे याचें संपूर्ण प्रदर्शन आम्हांला घरबसल्या घडलें. ठुशी आहे, पण चार-पांच ग्रॅमांची. वज्रटीक आहे, चिंचपेटी आहे, बोरमाळहि आहे. परंतु मणी असे कीं फुंकर घातली तर उडतील. नथ आहे, पण नाक टोंचण्याची जरूर नाहीं. ती चापाची आहे. मंगळसूत्र गळ्यांतून मनगटावर उतरलें आहे. हाराचें पदक सुटें करून तेंच अंबाड्यांत खोंवतां येतें. हिरे आहेत, ते खाणींतले नव्हेत, प्रयोगशाळेंत तयार केलेले. मूळ द्रव्य तेंच, घडण तीच, नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाहीं, आणि किंमत खाणींतल्या हिऱ्याच्या मानानें कितीतरी कमी. मात्र विकावयास गेल्यास तींतलें फारसें कांहीं परत मिळत नाहीं, हें त्या चित्राखालीं लिहिलेलें नव्हतें. तें माझ्या जाऊबाईंनीं सांगितलें.

सासूबाईंनीं सगळीं चित्रें शांतपणें पाहिलीं, चष्मा कपाळावर सरकविला आणि म्हणाल्या, "सगळं आमचंच कीं ग! फक्त पोकळ केलंय."

सगळीं हंसलीं. पण त्या एका शब्दांत यंदाच्या साऱ्या फॅशनचें मर्म होतें. फॅशन ही कोणा कलावंताच्या कल्पनेंतून निघते असा आपला समज असतो. सोन्याच्या बाबतींत ती बाजारभावाच्या पोटीं जन्माला येते. २०२५ सालीं सोन्याच्या भावानें दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची वेस ओलांडली. भाव असा चढला म्हणजे मध्यम स्थितींतल्या घरांना दोनच वाटा उरतात. एक तर वजन कमी करावें, नाहीं तर कस कमी करावा. बावीस कॅरट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनें, अठरा म्हणजे ७५०, चौदा म्हणजे ५८५. २०२५ च्या जुलैपासून तर नऊ कॅरटच्या, म्हणजे हजारांत ३७५ भाग सोनें असलेल्या, दागिन्यांवरहि हॉलमार्कची मुद्रा उमटूं लागली आहे.

हें ऐकून सासूबाईंच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला त्याला इतिहास आहे. त्यांचें लग्न १९६२ सालचें. पुढच्याच वर्षीं जानेवारींत, चीनच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असतांना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, आणि चौदा कॅरटपेक्षां अधिक कसाचा दागिना घडविण्यास बंदी झाली. सोनारआळींतल्या शेगड्या विझल्या. पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणाऱ्या कारागिरांवर उपासमारीची पाळी आली. पुढें १९६८ सालीं त्याचा कायदाच झाला आणि तो १९९० सालीं रद्द झाला. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचें लग्न नेमकें त्या बंदीच्या काळांत झालें. "तिचं सगळं चौदा कॅरटांत झालं," असें त्या अजून सांगतात, आणि सांगतांना आवाज असा खालीं आणतात कीं जणूं कांहीं त्या लग्नांत वरणभातावर तूपच वाढलें गेलें नव्हतें! सरकारनें हुकूम काढला, व्याख्यानें दिलीं, तरी लोकांनीं चौदा कॅरट मनापासून कधींच पत्करलें नाहीं. आणि आज माझी पुतणी चौदा कॅरटची अंगठी हौसेनें घालते. हुकुमाला जें साधलें नाहीं तें भावानें साधलें. शिवाय ती म्हणते तेंहि खोटें नाहीं. शुद्ध सोनें फार मऊ. त्यांत तांबें-चांदी मिसळली कीं तें टणक होतें, रोजच्या वापरांत कमी झिजतें, आणि खडा घट्ट धरून ठेवतें.

भाषणाच्या शेवटीं तिनें ठराव मांडला. "काकू, मला वाटतं, नवीन कांहींच घेऊं नये. आजीच्या पाटल्या लॉकरांत नुसत्या पडून आहेत. त्या मोडल्या तर दोन हलके सेट होतील. आणि तो तन्मणी? तोहि कुणी वापरत नाहीं."

बोलणें व्यवहाराला धरून होतें. मुलगी मतलबी नाहीं. बापाला कर्ज नको, एवढाच तिचा हेतु. आम्हीं सर्वांनीं सासूबाईंकडे पाहिलें. त्या चटकन् म्हणाल्या, "मोडा कीं. मला आतां काय करायचंय?"

हें वाक्य आमच्या घरांत नवें नाहीं. नवी साडी, आंब्याची पहिली फोड, खिडकीजवळची खुर्ची, सगळ्यांना त्यांचें हेंच उत्तर असतें. आम्ही तें घड्याळाच्या ठोक्याप्रमाणें ऐकतों, म्हणजे ऐकत नाहीं. त्या दिवशीं मात्र तें माझ्या कानांत अडकलें. कारण अगदीं हेच शब्द मीं पूर्वीं एकदां दुसऱ्या तोंडून ऐकले होते.

माझ्या आईजवळ ऐवज म्हणावा असा दोनच जिनसांचा होता. पाटल्या आणि गोठ. मी पुण्यास वसतिगृहांत राहून एम्. ए. करीत होतें त्या दोन वर्षांत पाटल्या गहाण पडल्या, आणि त्या कांहीं परत सुटल्या नाहींत. गोठ राहिले, ते तिनें १९९३ सालीं माझ्या लग्नांत माझ्या हातांत घातले. ठसठशीत, जुन्या घडणीचे, एकावर कसलासा पोंचा आलेला. मला ते घालून बाहेर जाण्याची लाज वाटे. त्या वेळीं बारीक जाळीच्या मीनाकामाचे सेट निघाले होते. १९९५ सालीं मीं गोठ मोडले आणि तसला सेट करून आणला. गोठ आंतून लाखेनें भरलेले असतात, हें मला आटविल्यानंतर कळलें! सोनें माझ्या हिशेबापेक्षां पुष्कळच कमी भरलें; वर घट, वर घडणावळ. त्या काळीं हॉलमार्कची सोय आपल्याकडे आलेली नव्हती. दुकानदारानें तोंडानें सांगितला तो कस. दहा-बारा वर्षांनीं तपासून घेतला तेव्हां तोहि कमी निघाला. सेट तोंवर कोणी घालीनासें झालें होतें.

परंतु मला लागून राहिलें आहे तें वजन नव्हे. सेट घेऊन मी माहेरीं गेलें होतें. आईनें तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलें, "वजन किती भरलं?" मीं सांगितलें. ती म्हणाली, "बरं केलंस. तुझेच होते ते. मला आतां काय करायचंय?" आणि चहाचें आधण ठेवावयास उठून गेली. मोडण्यापूर्वीं तिला एकदां विचारावें, असें माझ्या मनांत आलें नव्हतें. विचारलें असतें तरी ती नको म्हणाली नसती. पण मग मला निदान तिच्या तोंडाकडे पाहावें लागलें असतें.

म्हणून मी सभेंत इतकेंच म्हणालें, "आधीं सगळं घरीं आणूं या. बघूं तरी काय आहे तें."

दुसऱ्या दिवशीं लॉकर उघडला. चार पाटल्या आणि तन्मण्याची मखमली पेटी घरीं आली. पाटल्यांनीं प्रथम एक मौज केली. सासूबाईंच्या जुन्या वहींत "पाटल्या चार, ८ तोळे" अशी नोंद. पुतणीनें मनांतल्या मनांत ऐंशी ग्रॅम धरले. स्वयंपाकघरांतल्या बारक्या तराजूवर भरले ९२! लॉकरांत सोनें वाढलें, असें म्हणून ती नाचूंच लागली. खरा प्रकार असा कीं जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा, हल्लीं दुकानांत दहा ग्रॅमांनाच तोळा म्हणतात. जुन्या हिशेबानें ९३ ग्रॅम व्हावयास पाहिजे होते. वरचा ग्रॅम-सव्वा ग्रॅम सासूबाईंच्या बेचाळीस वर्षांच्या कामांत झिजून गेला होता. तो या घराच्या भांड्याकुंड्यांत, उंबऱ्यांत आणि आमच्या अंगावरून फिरलेल्या हातांत कोठें तरी असेल.

मग तन्मणी. चार पदरांचा, मधोमध लाल-हिरव्या खड्यांचें खोड, मागें रेशमाचा गोंडा. १९७४ सालीं मामंजींनीं दोन वर्षें पैसे सांठवून तो घेतला होता. पेटी उघडली आणि आम्हीं एकमेकींकडे पाहिलें. मोत्यांवरचें पाणी गेलें होतें. जुन्या दांतांसारखा रंग आला होता. पुतणीनें तो अलगद उचलला मात्र, एक पदर तुटला आणि मोती टपटप करीत जमिनीवर सांडले.

पुढचा अर्धा तास आमचें सारें कुटुंब जमिनीवर होतें. माझे दीर, जे एरवीं गुडघ्यांचें कारण सांगून पाटावर बसत नाहींत, ते पलंगाखालीं पालथे पडून बॅटरीचा झोत टाकीत होते. सासूबाई खुर्चींतून हुकूम सोडीत होत्या. "एका पदरांत एक्याऐंशी आहेत!" वाटींत ८० सांपडले. कपाट सरकविलें, सतरंजी झटकली, केर चाळून पाहिला. एक कांहीं मिळाला नाहीं. पुतणी रडकुंडीला आली, तेव्हां त्याच म्हणाल्या, "अग, घरांतच आहे ना कुठं तरी? मग झालं. राहूं दे एक घराला."

पाटल्यांचा कस पाहण्यासाठीं आम्ही दुकानीं गेलों तेव्हां तन्मणीहि दाखविला. तेथल्या गृहस्थांनीं भिंगांतून पाहून सांगितलें, कीं मोती कल्चर्ड आहेत. बसऱ्याचे असावेत ही आमची घरगुती दंतकथा तेथेंच संपली. मोडींत देणार असाल तर मोत्यांचे कांहीं धरीत नाहींत, खोडांतलें सोनें तेवढें धरूं, असेंहि ते म्हणाले. हा बहुतेक सगळ्या पेढ्यांचा रिवाज आहे. मोती, खडे, लाख, मीना यांची किंमत घेतांना आपण मोजतों. मोडतांना त्यांची किंमत शून्य होते. तेव्हां जो दागिना मुख्यतः सोन्याचा, तो मोडण्यांत तोटा कमी. आणि जो मुख्यतः हातांच्या कामाचा, तो मोडण्यांत जवळजवळ सगळाच तोटा.

तन्मणी पेठेंतल्या पटवेकऱ्याकडे गाठवावयास दिला. हा धंदा करणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. म्हाताऱ्यानें एक मोती बोटांत फिरवून एवढेंच विचारलें, "पुष्कळ वर्षं बंद होता का हो?" त्याच्याजवळ तासभर बसून मीं जें ऐकलें, आणि पुढें आमच्या घरांतल्या रसायनशास्त्र शिकलेल्या मंडळींकडून पडताळून घेतलें, तें येथें नमूद करतें, लग्नसराई तोंडावर आहे, तेव्हां तें अनेक घरांना उपयोगी पडेल.

मोती हा दगड नव्हे. शिंपल्यांतल्या जीवानें थरावर थर चढवून तो केलेला असतो. द्रव्य मुख्यतः खडूचेंच, आणि त्याला धरून ठेवणारा थोडा सेंद्रिय अंश व किंचित् पाणी. म्हणून आंबट पदार्थ, अत्तर, केसांवरचे फवारे आणि घाम यांनीं त्याचें तेज जातें. आणि उलट, फार कोरड्या, हवाबंद जागीं वर्षानुवर्षें कोंडला तरीहि तो निस्तेज होतो, कधीं तडकतो. मोत्यांचा दागिना सर्व शृंगार झाल्यावर शेवटीं घालावा आणि उतरतांना पहिला उतरावा. मऊ मलमलीनें पुसून, टांगून न ठेवतां सपाट ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षां सुती कापड बरें. नेहमीं वापरांतला सर दोन-तीन वर्षांनीं गाठवून घ्यावा, आणि दोन मोत्यांमध्यें गांठ मारून घ्यावी, म्हणजे आमच्यासारखी पलंगाखालीं जाण्याची पाळी येणार नाहीं.

सोन्याला एवढे लाड लागत नाहींत. रिठे भिजविलेलें कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. मात्र परातींत धुवावें, वाहत्या नळाखालीं मोरीच्या तोंडाशीं कधीं नव्हे. लाखेनें भरलेले मणी व गोठ यांना गरम पाणी वर्ज्य. ज्या जडावाच्या खड्यांखालीं चमकता पातळ पत्रा बसविलेला असतो त्यांत पाणी शिरलें कीं खडा कायमचा काळवंडतो. तेथें कोरडें कापडच. पाचूच्या अंगच्या चिरा तेलानें भरलेल्या असतात, म्हणून त्यालाहि गरम पाणी नको. हिरा सगळ्यांत कठीण, तेव्हां तो शेजाऱ्यांना ओरखडे काढतो. त्याची डबी निराळी असावी. चांदी काळी पडते ती हवेंतल्या गंधकानें. रबराच्या संगतीनें ती लौकर काळी होते, म्हणून पैंजणांच्या जोडीला रबरबँड लावूं नये. मुलामा दिलेले दागिने घांसूं नयेत. घांसल्यानें मळ जात नाहीं, मुलामा जातो. पोहण्याच्या तलावांतलें क्लोरीन आणि फुटलेल्या तापमापकांतला पारा यांपासून सर्वच दागिने दूर ठेवावे. पारा तर सोन्याला धरूनच बसतो. दागिना वारंवार उजळून घेण्याची हौस नसावी. प्रत्येक उजाळ्याला थोडें सोनें जातें. घ्यावयाचाच झाला तर आधीं आणि नंतर वजन करून, आपल्या डोळ्यांदेखत. कर्णफुलांच्या फिरक्या आणि हारांचे फांसे वर्षांतून एकदां तपासावे. दागिने चोरांपेक्षां सैल फांशांनींच अधिक जातात, असें पटवेकरी म्हणाला.

नवें घ्यावयाचें असेल तर त्रिकोणी सरकारी चिन्ह, कसाचा आंकडा आणि सहा अक्षरांकांची खूण, या तिन्ही गोष्टी भिंगांतून पाहून घ्याव्या. १ एप्रिल २०२३ पासून ही सहा अक्षरांकांची खूण सक्तीची झाली आहे, आणि 'बी. आय. एस्. केअर' या मोबाइलवरच्या सोयींत ती घातली कीं दागिन्याची माहिती समोर येते. पावती, वजन आणि छायाचित्र यांची एक वही घरांत असावी. आणि बँकेंत ठेविलें म्हणजे निर्धास्त, हेंहि पुरें खरें नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणें आग, चोरी किंवा नोकरांची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. आंतल्या ऐवजाच्या किंमतीइतकी नव्हे.

एवढी सगळी निगा मीं वहींत उतरून घेतली आणि घरीं येऊन मोठ्या उत्साहानें वाचून दाखविली. ऐकतां ऐकतां पुतणीनें सहज विचारलें, "आजी, हा तूं शेवटचा कधीं घातला होतास ग?"

"तुझ्या दादाच्या मुंजीत. दोन हजार तीन सालीं."

"आणि मग?"

"मग काय? पुढच्या वर्षीं हे गेले."

जाऊबाई निवडत होत्या ती भाजी त्यांच्या हातांतच राहिली. मामंजी २००४ सालीं गेले. त्या वेळीं सासूबाईंना कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें. आमचें घर शिकलेलें. केशवपनाच्या चालीविषयीं आम्ही संतापानें बोलतों, जुन्या सुधारकांचीं चरित्रें आमच्या कपाटांत आहेत. दोन बांगड्या आणि एक साधी साखळी त्यांनीं ठेवली, बाकीचें एके दिवशीं रुमालांत बांधून माझ्या हातांत दिलें आणि म्हणाल्या, "लॉकरांत ठेवून ये. मला आतां काय करायचंय?" आणि मी ठेवून आलें. चोरांचें भय आहे, तेव्हां बरेंच झालें, असें आम्हीं मानलें. त्यांना नको म्हणणारें कोणी नव्हतें हें खरें. पण घाला म्हणणारें तरी कोठें कोण होतें?

२०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें ठराव केला, कीं पति वारल्यावर बायकांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या चाली आपल्या गांवांत बंद कराव्या. आणि थोड्याच दिवसांत राज्य सरकारनेंहि इतर गांवांनीं त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. ती बातमी मींच सासूबाईंना मोठ्यानें वाचून दाखविली होती. "फार चांगलं झालं," असें त्या म्हणाल्या होत्या आणि मीहि तसेंच म्हणालें होतें. त्या वेळीं लॉकरची किल्ली माझ्याच कपाटांत, माझ्याच रुमालांखालीं होती. एका लहान खेड्याला जें सुचलें तें चार पदवीधर बायकांच्या घराला अठरा वर्षांत सुचलें नव्हतें, आणि वाचूनहि सुचलें नाहीं. तन्मण्याला हवा लागली नाहीं म्हणून मोती मेले, हें शास्त्र मला पटवेकऱ्यानें शिकविलें. तें शिकण्यासाठीं मला पेठेंत जाण्याची गरज नव्हती.

पाटल्यांचा निर्णय मग सोपा झाला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकाराच्या कायद्यानें स्त्री आपल्या ऐवजाची पूर्ण मालकीण आहेच. फक्त तिला मालकिणीसारखें विचारावयाचें राहिलें होतें. या वेळीं तिघी समोर बसलों आणि विचारलें. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "पाटल्यांतल्या दोन मोडा. वजनाच्याच होत्या त्या. तुझ्या लग्नाला लागल्या तर मला बरंच वाटेल. दोन अशाच घाल. तन्मणी मोडूं नका." 'मला बरं वाटेल' आणि 'नका' हे दोन शब्दप्रयोग त्यांच्या तोंडून मीं किती वर्षांनीं ऐकले, तें मला सांगतां येणार नाहीं.

पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारून झाली. तन्मणी आदल्या संध्याकाळीं आला होता. गेलेलें तेज सगळें परत आलें नव्हतें, आणि एका पदरांत ८० च मोती होते, पण रेशीम नवें होतें. पुतणी तो घेऊन सासूबाईंच्या खुर्चीपाशीं गेली. "आजी, माप बरोबर झालंय कीं नाहीं, तूं घालून बघ."

"माझ्या गळ्याचं माप कशाला? तुझ्या गळ्याला लावून बघ."

"पटवेकऱ्यानं तुझ्याच मापाचा केलाय."

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. त्या पाहण्याला माझ्यापाशीं कांहीं उत्तर असावयास हवें होतें. मी इतकेंच म्हणालें, "आई, घाला."

"लोक काय म्हणतील ग या वयांत?"

"घरांत आपणच तर आहोंत," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनीं मान थोडी पुढें वांकविली. गोंडा मीं बांधला. गांठ बसेना, दोनदां सुटली. त्यांनीं आरसा मागितला नाहीं. नुसता हात वर नेऊन खोड मधोमध आहे कीं नाहीं तें चांचपून पाहिलें, किंचित् सरळ केलें, आणि म्हणाल्या, "चला, पानं घ्या. श्रीखंड वितळेल."

दुपारीं शेजारच्या बाई आल्या तेव्हां त्यांनीं चटकन् पदर गळ्याभोंवतीं ओढून घेतला. बोलतां बोलतां तो हळूहळू खांद्यावरून घसरला. पुन्हां ओढून घेण्यासाठीं त्यांचा हात वर गेला आणि वाटेंतच थांबला. त्यांनीं तो मांडीवर ठेविला आणि बोलणें पुढें चालविलें.

रात्रीं निजण्यापूर्वीं त्यांनीं माझ्याकडून मलमलीचा तुकडा मागून घेतला. दिव्याखालीं बसून चारी पदर एकेक करून पुसले, पेटींत सपाट ठेवले, आणि पेटी आपल्या कपाटाच्या वरच्या खणांत ठेवून कुलूप लावलें. किल्ली कोठें ठेवली तें मीं विचारलें नाहीं.